एझर्ड चार्ल्सचा खरा वजनगट कोणता मानावा?

रिंगणाबाहेरचा (प्रश्न)

मुष्टियुद्धातल्या हेवीवेट विजेत्यांविषयी बोलताना बहुतेक जण जो लुईसवरून थेट रॉकी मार्सियानोवर येतात. मधली तीन वर्षे त्यांच्या लेखी रिकामीच असतात आणि कोणी आठवण करून दिलीच तर "हो, तेव्हा चार्ल्स आणि वॉलकॉट होते" एवढ्यावर विषय आटोपतो. मलाही एझर्ड चार्ल्सची ओळख अशीच झाली होती. थकलेल्या लुईसला हरवणारा आणि पुढे मार्सियानोकडून दोनदा हरलेला, या दोन मोठ्या नावांमधला एक सभ्य पण बिनरंगाचा विजेता, अशीच त्याची प्रतिमा माझ्या मनात होती.

अलीकडे त्याच्या कारकिर्दीतील लढतींची यादी सलग वाचली, तेव्हा ही प्रतिमा मला पटेनाशी झाली. १९४२ साली, वयाची एकविशीही पूर्ण झालेली नसताना, त्याने नावाजलेल्या मिडलवेट चार्ली बर्लीला दोनदा हरवले होते. आर्ची मूरला त्याने तीनदा हरवले आणि जोई मॅक्सिमला पाचदा. जिमी बिव्हिन्स आणि लॉइड मार्शल यांच्याकडून सुरुवातीला मार खाल्ल्यावर त्या दोघांवरही त्याने पुढे एकाहून अधिक वेळा मात केली. यांपैकी बहुतेक विजय हेवीवेट जेतेपदाच्या आधीचे आहेत, आणि तरीही त्याचे नाव घेतले जाते ते फक्त हेवीवेट म्हणून.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, त्याचे कौशल्य सर्वाधिक कोणत्या वजनगटात खुलले, असे आपणास वाटते? मिडलवेट (१६० पौंड, म्हणजे सुमारे ७२.६ किलो), लाइट हेवीवेट (१७५ पौंड, सुमारे ७९.४ किलो) की त्याहून जड असा हेवीवेट? दुसरा प्रश्न असा की, लाइट हेवीवेटमध्ये तो एवढा भारी होता, तर त्या गटाचे जेतेपद त्याला एकदाही का मिळाले नाही? पराभवांचा आकडा पंचवीस असल्यामुळे त्याला कमी लेखले जाते, असे मला वाटते. त्यावरही कोणी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

जुनी रिळे

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

चार्ल्सला लाइट हेवीवेटचे जेतेपद मिळाले नाही, कारण त्यासाठी लढण्याची संधीच त्याला कधी दिली गेली नाही. त्या काळात हा किताब गस लेस्नेव्हिचकडे होता. तो युद्धकाळात तटरक्षक दलात गेल्यामुळे जेतेपद काही वर्षे गोठवून ठेवण्यात आले. युद्धानंतर, १९४६ ते १९४८ या काळात, चार्ल्स त्या गटातला सर्वांत धोकादायक आव्हानवीर होता, हे रिंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. लेस्नेव्हिच मात्र फ्रेडी मिल्सशी लढला, बिली फॉक्सशी दोनदा लढला आणि शेवटी जुलै १९४८ मध्ये मिल्सकडून हरला. चार्ल्सला आव्हानाची संधी देण्यात त्याचा किंवा त्याच्या व्यवस्थापकांचा काडीचाही फायदा नव्हता. जिंकले तर फारसे पैसे मिळणार नव्हते आणि हरण्याची शक्यता मात्र दाट होती. कृष्णवर्णीय आव्हानवीरांच्या वाट्याला त्या काळात हा अनुभव वारंवार येत असे. चार्ली बर्लीला तर संपूर्ण कारकिर्दीत जागतिक जेतेपदाची एकही लढत मिळाली नाही. आर्ची मूरला ती मिळाली १९५२ च्या डिसेंबरात, जेव्हा तो पस्तिशी ओलांडून गेला होता.

पुढे जे घडले ते मोठे विलक्षण आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये हाच लेस्नेव्हिच चार्ल्सच्या हेवीवेट जेतेपदाला आव्हान द्यायला आला आणि सात फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठलाच नाही. मे १९५१ मध्ये जोई मॅक्सिम आला. त्या वेळी मॅक्सिम लाइट हेवीवेटचा विद्यमान विजेता होता आणि चार्ल्सकडून तो पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरला. म्हणजे १७५ पौंडांचा एक माजी आणि एक विद्यमान विजेता चार्ल्सने हेवीवेट म्हणून हरवला, पण त्यांच्या गटाचा पट्टा त्याच्या कमरेला कधीच बांधला गेला नाही. त्यांच्यामागून आलेला मूर १९५२ पासून जवळजवळ दहा वर्षे त्या जेतेपदावर मांड ठोकून बसला, आणि त्यालाही चार्ल्सने आधीच तीनदा हरवून ठेवले होते.

या तीन लढतींकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. मे १९४६ मध्ये पिट्सबर्गला चार्ल्सने मूरला दहा फेऱ्यांत निर्विवाद हरवले. लष्करी सेवेतून परत येऊन त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. वर्षभराने सिनसिनाटीत झालेली दुसरी लढत अटीतटीची होती आणि तीही त्याने गुणांवर जिंकली. जानेवारी १९४८ मध्ये क्लीव्हलँडला आठव्या फेरीत मूरने त्याला जबर ठोसा लगावून हादरवले. अशा वेळी बहुतेक मुष्टियोद्धे मागे सरतात किंवा प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून वेळ काढतात. चार्ल्सने उलट ठोशांची सरबत्ती केली आणि त्याच फेरीत मूरला बाद केले. मूर हा रिंगणातला अत्यंत हुशार बचावपटू होता आणि त्याच्या नावावर शंभराहून अधिक नॉकआउट आहेत. त्याला बौद्धिक डावपेचांत दोनदा आणि निव्वळ मारामारीत एकदा हरवणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

१९४६ च्या पुनरागमनापासून १९४९ च्या जेतेपदापर्यंत चार्ल्स फक्त एकदाच हरला. जुलै १९४७ मध्ये एल्मर रे या धिप्पाड हेवीवेटकडून झालेला तो पराभव वादग्रस्त होता, आणि पुढच्याच वर्षी चार्ल्सने त्याला नवव्या फेरीत बाद करून त्याची परतफेड केली. १७५ पौंडांच्या माणसांपैकी या काळात त्याला कोणीच हरवले नाही. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: लाइट हेवीवेट, आणि तेही १९४६ ते १९४८ मधला चार्ल्स. आज अनेक इतिहासकार त्याला या गटात सर्वकाळातील पहिल्या स्थानावर ठेवतात, तेही त्या गटाचे जेतेपद त्याच्याकडे नसताना. एखाद्या गटात किताबाविना अव्वल ठरण्याचे दुसरे उदाहरण शोधायला बराच वेळ लागेल.

निळा कोपरा

'जुनी रिळे' यांचा तपशील बिनचूक आहे, पण निष्कर्ष काढताना हेवीवेट चार्ल्सवर अन्याय होतो आहे, असे मला वाटते. "तो मुळात लाइट हेवीवेट होता" हे वाक्य हल्ली त्याच्या कौतुकासाठी म्हटले जाते खरे, पण त्याच्या आडून त्याच्या हेवीवेट कारकिर्दीची बोळवण होते.

वस्तुस्थिती पाहू. मार्च १९४९ मध्ये लुईस निवृत्त झाला. जूनमध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्कवर चार्ल्सने जर्सी जो वॉलकॉटला पंधरा फेऱ्यांत हरवून रिकामे झालेले जेतेपद मिळवले. वॉलकॉट हा कोणी लुंगासुंगा नव्हता. दीडच वर्षापूर्वी त्याने लुईसला दोनदा खाली पाडले होते आणि त्या लढतीत लुईसच्या बाजूने लागलेला निकाल आजही अनेकांना पटत नाही. त्यानंतर चार्ल्सने दोन वर्षांत आठ वेळा जेतेपद राखले. आजच्या हेवीवेट विजेत्यांना आठ लढती करायला किती वर्षे लागतात, हे आपण सगळे पाहतोच आहोत.

आता लुईसविरुद्धची लढत. २७ सप्टेंबर १९५० रोजी यँकी स्टेडियमवर चार्ल्सचे वजन सुमारे १८४ पौंड होते आणि लुईसचे २१८. हा फरक जवळजवळ पंधरा किलोंचा आहे. करांच्या थकबाकीने गांजलेला छत्तीस वर्षांचा लुईस पुन्हा रिंगणात उतरला होता आणि त्याची उतरण सुरू झाली होती, हे मान्यच आहे. तरीही त्याच्या जॅबमध्ये (पुढच्या हाताच्या सरळ ठोशात) दम होता आणि उजव्या हातात एका ठोशात लढत संपवण्याची ताकद होती. ती चित्रफीत उपलब्ध आहे आणि ती जरूर पाहावी. लुईसच्या पल्ल्याच्या अगदी कडेवर चार्ल्स उभा राहतो. लुईसचा जॅब आला की डोके जेमतेम बाजूला घेतो, लगेच आत शिरून बरगड्यांवर आणि जबड्यावर दोन-तीन ठोसे देतो आणि लुईसचा उजवा हात निघण्याआधी बाजूला सरकलेला असतो. लांबून खेळण्याची सोय असूनही तो बराच काळ लुईसच्या छातीशी भिडून लढला, हे मला सर्वांत धाडसाचे वाटते. चौदाव्या फेरीत लुईस अक्षरशः अडखळताना दिसतो. तिन्ही पंचांनी निकाल चार्ल्सच्या बाजूने दिला आणि गुणांत मोठे अंतर होते.

याला मी "मोठ्या वजनगटात तग धरणे" म्हणणार नाही. पंधरा किलो जास्त वजनाच्या माणसाला पंधरा फेऱ्या असे नाचवणे हाच कौशल्याचा कस आहे, आणि तो कस १७५ पौंडांत लागलाच नसता. कौशल्य सर्वाधिक कुठे दिसले, असा प्रश्न असेल तर माझे उत्तर हेवीवेट असेच राहील. तो सर्वाधिक अजिंक्य कुठे होता, हा प्रश्न निराळा आहे.

वजनकाटा

मी हौशी मुष्टियुद्धात बरीच वर्षे प्रशिक्षक म्हणून काम करतो, म्हणून शरीराच्या बाजूने चार गोष्टी मांडतो.

वजनगट बदलला की ठोशाची ताकद किती घटते, याचीच चर्चा लोक करतात. प्रत्यक्षात पहिला फटका बसतो तो मिठीत. जड माणूस अंगावर रेलला, की त्याला पेलण्यात आणि ढकलण्यात पाय आणि पाठ दोन्ही थकतात, आणि पाचव्या-सहाव्या फेरीपासून जे पदलालित्य सहज होत होते त्यासाठी जोर लावावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे अंगावर घेतलेले ठोसे. बचाव कितीही चांगला असला, तरी हातांवर आणि खांद्यांवर झेललेल्या ठोशांचाही हिशेब शरीर ठेवत असते. जड गटात हा हिशेब फार लवकर वाढतो. चार्ल्सने हेवीवेटमध्ये पंधरा फेऱ्यांच्या कितीतरी लढती केल्या. त्याची किंमत त्याने तिशीनंतर चुकवली, असे माझे मत आहे.

आपल्याकडचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण द्यायचे तर मेरी कोमचे देता येईल. तिची जागतिक विजेतेपदे ४५ ते ४८ किलोंच्या गटांतली आहेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी सर्वांत हलका गट ५१ किलोंचा होता, म्हणून तिला वर चढावे लागले. तिथे तिने कांस्यपदक जिंकले, पण उपांत्य फेरीत निकोला अ‍ॅडम्ससमोर उंची आणि पल्ल्याचा फरक स्पष्ट दिसत होता. २०१८ मध्ये दिल्लीत ती पुन्हा विश्वविजेती झाली ती ४८ किलोंमध्येच. सामान्य प्रेक्षकाच्या मनात मात्र ऑलिंपिकचे पदकच अधिक ठसले. सर्वाधिक प्रसिद्धी देणारा गट आणि सर्वांत सोयीचा गट हे एकच असतात असे नाही, आणि चार्ल्सच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत होते.

आणखी एक मुद्दा या चर्चेत कोणी मांडलेला दिसत नाही. त्या काळी वजन लढतीच्याच दिवशी घेतले जात असे. आज ते साधारणपणे आदल्या दिवशी घेतात, त्यामुळे १७५ पौंडांचा मुष्टियोद्धा पाणी पिऊन, जेवून, भरल्या अंगाने रिंगणात उतरतो आणि प्रत्यक्षात बराच जड असतो. चार्ल्सच्या काळातला १७५ पौंडांचा माणूस रिंगणातही जवळपास तेवढाच असे. त्याची उंची सुमारे सहा फूट होती. आजच्या पद्धतीने वजन उतरवायचे ठरवले असते, तर तो कदाचित १६८ पौंडांच्या सुपर मिडलवेट गटातही बसला असता. हा गट त्याच्या काळात अस्तित्वातच नव्हता. ज्या १८४ पौंडांवर तो हेवीवेट म्हणून लढला, तिथे आज क्रूझरवेट हा स्वतंत्र गट आहे आणि त्याची मर्यादा २०० पौंड आहे. तेव्हा 'निळा कोपरा' यांनी ज्याला हेवीवेटचे कौशल्य म्हटले, त्याला आजच्या परिभाषेत क्रूझरवेटने हेवीवेट गाजवणे म्हणावे लागेल. हा त्याचा मोठेपणाच आहे, पण तो त्याचा नैसर्गिक गट ठरत नाही.

मिडलवेटविषयी थोडक्यात सांगतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचे शरीर अजून भरत असते. चार्ल्स १६० पौंडांत टिकणारच नव्हता.

रिंगणाबाहेरचा

सर्वांचे आभार. 'वजनकाटा' यांनी मिडलवेट एका परिच्छेदात निकालात काढले, ते मला थोडे घाईचे वाटते. बर्लीवरचे दोन विजय कोणत्याही मिडलवेटच्या कारकिर्दीचा मुकुटमणी ठरले असते. आणखी दोन शंका आहेत. चार्ल्सशी लढताना बाद झालेल्या सॅम बरौडीच्या मृत्यूनंतर चार्ल्सच्या खेळातली धार गेली, असे सर्रास लिहिले जाते. ते कितपत खरे आहे? आणि १९५१ मध्ये वॉलकॉटने त्याला एका ठोशात झोपवले, त्यावरून त्याचा जबडा कच्चा होता असा निष्कर्ष काढावा का?

जुनी रिळे

बर्लीविषयी मी आपल्याशी सहमत आहे. मे आणि जून १९४२ मधल्या त्या दोन्ही लढती पिट्सबर्गला, म्हणजे बर्लीच्या घरच्या अंगणात झाल्या. बर्ली तेव्हा चोवीस वर्षांचा, ऐन भरातला होता, आणि चार्ल्सला एकविसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याने अँटन क्रिस्टोफोरिडिसला तिसऱ्या फेरीत बाद केले होते. हा माणूस १९४१ मध्ये काही महिने लाइट हेवीवेटचा विजेता होता. मात्र याच काळात माजी मिडलवेट विजेत्या केन ओव्हरलिनने त्याला एकदा हरवले आणि एकदा बरोबरीत रोखले. त्यावरून असे दिसते की मिडलवेट चार्ल्स अलौकिक गुणवत्तेचा पण अपुऱ्या अनुभवाचा होता. १९४३ च्या सुरुवातीला बिव्हिन्स आणि मार्शल यांच्याकडून झालेले पराभवही याच वयातले आहेत. मार्शलने तर त्याला अनेकदा खाली पाडून आठव्या फेरीत संपवले. लष्करातून परतल्यावर त्याच मार्शलला चार्ल्सने एकदा सहाव्या आणि एकदा दुसऱ्या फेरीत बाद केले. मधल्या तीन वर्षांत त्याचे शरीर १७५ पौंडांत स्थिरावले, हे याचे सर्वांत साधे स्पष्टीकरण आहे.

बरौडीची घटना फेब्रुवारी १९४८ मधली, शिकागोची आहे. दहाव्या फेरीत बाद झालेल्या त्या कोवळ्या मुलाचा मृत्यू झाला आणि चार्ल्सने खेळ सोडण्याचा विचार केला, हे खरे आहे. त्यानंतर त्याच्यातला मारक पवित्रा कायमचा गेला, हे विधान मात्र नोंदींशी जुळत नाही. मे महिन्यात त्याने एल्मर रेला बाद केले आणि डिसेंबरमध्ये दोनशे पौंडांहून जड असलेल्या जो बाक्सीला अकराव्या फेरीत थांबवले. तो पुढे अधिक सावध झाला यात शंका नाही, पण त्याच सुमारास त्याने आपल्याहून कितीतरी जड माणसांशी नियमितपणे लढायला सुरुवात केली होती. हलक्या माणसाने जड माणसाशी सावधपणे लढणे यात खचलेल्या मनापेक्षा शहाणपण अधिक दिसते. त्याच्या अनेक विजयांना प्रेक्षकांनी थंड प्रतिसाद दिला, कारण त्यांना लुईससारखा एका ठोशात अंधार करणारा विजेता हवा होता. लुईस हा स्वतः चार्ल्सचाही आदर्श होता. त्याला हरवून चार्ल्सने जेतेपदावर निर्विवाद हक्क मिळवला खरा, पण लोकांच्या मनातले स्थान मात्र आणखी दुरावले.

राहिला जबडा. जुलै १९५१ मध्ये पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर सातव्या फेरीत वॉलकॉटचा डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला आणि चार्ल्स तोंडावर कोसळला. तो ठोसा इतका जवळून आणि इतका अचूक होता की तो अंगावर घेऊन उभे राहिलेले किती निघाले असते, याची मला शंका आहे. याच माणसाला त्याने आधी दोनदा पंधरा-पंधरा फेऱ्यांत हरवले होते, आणि १९५२ मधली चौथी लढत तो गुणांवर हरला, तो निकालही वादातीत नव्हता. शिवाय ज्याचा जबडा कच्चा असतो, तो तीन वर्षांनी मार्सियानोसमोर पंधरा फेऱ्या टिकत नाही.

निळा कोपरा

मार्सियानोचे नाव निघालेच आहे तर त्यावर थोडे अधिक लिहितो, कारण चार्ल्सच्या अवमूल्यनाचे मूळ मला तिथेच दिसते.

१७ जून १९५४ रोजी झालेल्या पहिल्या लढतीत चार्ल्स जवळजवळ तेहतीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर शंभराच्या आसपास लढती जमा होत्या. त्या आधीच्या वर्षी तो निनो वाल्देस आणि हॅरल्ड जॉन्सन यांच्याकडून हरला होता. उतरण सुरू झाल्याची चिन्हे स्पष्ट होती. तरीही पहिल्या चार-पाच फेऱ्यांत त्याने मार्सियानोला ज्या सफाईने टिपले, ती पाहिली की १९५० चा चार्ल्स समोर असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पुढे मार्सियानोच्या अखंड माऱ्याने त्याची दमछाक झाली आणि निकाल योग्यच लागला. मार्सियानोच्या संपूर्ण व्यावसायिक कारकिर्दीत त्याच्यासमोर पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहिलेला हा एकमेव माणूस आहे. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत आठव्या फेरीत बाद होण्याआधी त्याने मार्सियानोची नाकपुडी अशी फाडली होती की पंचांनी लढत थांबवली असती, तर जेतेपद चार्ल्सकडे परत आले असते.

'वजनकाटा' यांच्यासाठी एक बाब नोंदवतो. पहिल्या लढतीत दोघांच्या वजनात जेमतेम दोन पौंडांचा फरक होता आणि दोघेही १९० च्या आतले होते. चार्ल्स "खरा हेवीवेट नव्हता" म्हणून त्याचे यश वेगळ्या खान्यात टाकायचे असेल, तर मार्सियानोलाही त्याच खान्यात टाकावे लागेल. तसे कोणी करताना मी पाहिलेले नाही.

पंचवीस पराभवांपैकी सुमारे निम्मे या दोन लढतींनंतरचे आहेत. पैशाच्या चणचणीमुळे तो १९५९ पर्यंत लढत राहिला, आणि त्या शेवटच्या वर्षांतल्या सामान्य मुष्टियोद्ध्यांकडून झालेल्या पराभवांनी त्याची आकडेवारी कायमची विद्रूप केली. पुढे त्याला स्नायूंची शक्ती हळूहळू नष्ट करणारा एएलएस हा आजार झाला आणि १९७५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तो गेला. या आजाराची सुरुवात रिंगणात असतानाच झाली होती, असा तर्क काही जण करतात. त्याला पुरावा नसल्यामुळे मी तो हिशेबात धरत नाही. वय आणि लढतींची संख्या ही दोन कारणे मला पुरेशी वाटतात.

शेवटची घंटा

लाइट हेवीवेटमध्ये चार्ल्स पहिला की नाही, यावर कोणी प्रतिवाद केला नाही, म्हणून मी करतो. बॉब फॉस्टर आणि मायकेल स्पिंक्स यांचे काय? फॉस्टरचा डावा हूक त्या गटातला बहुधा सर्वांत भयंकर ठोसा होता. स्पिंक्स त्या गटात अपराजित राहिला आणि १९८५ मध्ये लॅरी होम्सला हरवून, लाइट हेवीवेटचा विजेता असताना हेवीवेटचे जेतेपद जिंकणारा पहिला मुष्टियोद्धा ठरला. शिवाय चार्ल्सने मूरला हरवले ते मूर विजेता होण्याच्या कितीतरी आधी. कच्च्या मूरवरचे विजय पक्क्या मूरच्या नावाने खपवले जातात, असा आक्षेप घेता येईल.

जुनी रिळे

फॉस्टरची ताकद निर्विवाद आहे, पण तो हेवीवेटमध्ये गेला तेव्हा जो फ्रेझरने त्याला दुसऱ्या आणि मुहम्मद अलीने आठव्या फेरीत बाद केले. चार्ल्सने त्याच उडीनंतर आठ वेळा जेतेपद राखले. स्पिंक्सविषयी मला नितांत आदर आहे, आणि कोणी त्याला पहिले स्थान दिले तर मी भांडणार नाही. मात्र होम्सशी लढताना त्याने वजन २०० पौंडांपर्यंत वाढवले होते. चार्ल्स १८४ वर थांबला. शिवाय बर्ली, मूर, मॅक्सिम, बिव्हिन्स आणि मार्शल अशी माणसे एकाच पिढीत समोर येण्याची वेळ स्पिंक्सवर आली नाही.

मूर कच्चा होता, हे मात्र अजिबात मान्य नाही. मूर १९३५ पासून व्यावसायिक मुष्टियुद्ध खेळत होता आणि १९४६ मध्ये त्याच्या गाठीला दहा वर्षांहून अधिक अनुभव होता. त्या लढतीत कच्चा कोणाला म्हणायचेच असेल तर चार्ल्सला म्हणावे लागेल, कारण तो वयाने लहान होता आणि लष्करी सेवेत ऐन उमेदीची वर्षे घालवून नुकताच परतला होता. मूरला जेतेपद उशिरा मिळाले ते त्याचा खेळ उशिरा पिकला म्हणून नाही. लेस्नेव्हिचच्या गोटाने जे दार चार्ल्ससाठी बंद ठेवले, तेच मूरसाठीही बंद होते, आणि मॅक्सिमशी लढण्यासाठी मूरला आपल्या मानधनावर जवळजवळ पाणी सोडावे लागले.